एक्सएमपी लावलं की काळी स्क्रीन, निळी स्क्रीन, हँग : रॅमचा वेग कोणत्या क्रमाने तपासायचा

३६०० ची रॅम आणायची, बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम खोक्यावरच्या वेगाने चालवणारं सेटिंग, चालू करायचं आणि पीसी उठला नाही की एका दमात सगळं करून बघायचं : रॅमला रबर मार, स्लॉट बदल, व्होल्टेज वाढव, बायोस अपडेट कर, आणि काहीच जमलं नाही तर विंडोजला फॉरमॅट मार. जळगाव-धुळ्यापासून शहादा-नंदुरबारपर्यंत हीच पद्धत चालते. यातला प्रत्येक उपाय कधी ना कधी कामाचा असतो. पण सगळे एकत्र केले की दोष नेमका कुठे होता ते कळत नाही. पीसी चालू झाला तरी तो कशामुळे चालू झाला हे माहीत नसतं आणि पुढच्या महिन्यात तोच त्रास पुन्हा दारात उभा राहतो.

म्हणून या लेखात भर क्रमावर आहे. आधी रॅम मूळ वेगावर, म्हणजे एक्सएमपी बंद असताना, निर्दोष आहे हे सिद्ध करायचं, मगच वेग वाढवायचा. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर चाचणी. विंडोजचा डेस्कटॉप दिसला याचा अर्थ रॅम स्थिर आहे असा होत नाही, एवढं डोक्यात पक्कं ठेवा.

नावांचा घोळ आधी मिटवू. इंटेलकडचं एक्सएमपी, डीडीआर५ साठीचं एएमडीचं एक्स्पो आणि काही एएमडी बोर्डांवर दिसणारं डीओसीपी, तिन्हींचं काम एकच. रॅमच्या स्टिकवर एक छोटी चिप (एसपीडी) असते. तिच्यात कंपनीने वेग, टायमिंग (विलंबाचे आकडे) आणि व्होल्टेज लिहून ठेवलेलं असतं, ते बोर्डाला वाचायला लावायचं. पुढे मी सगळ्यांना ‘प्रोफाइल’ म्हणेन.

## सुरू करण्याआधी : खरंच दोष आहे का?

निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’वर जा आणि ‘स्पीड’ बघा. खोक्यावर ३६०० लिहिलंय आणि तिथे २१३३, २४०० किंवा २६६६ दिसतंय, तर लगेच रॅम बनावट समजू नका. बहुधा प्रोफाइल बंद आहे, एवढंच. डीडीआर४ मूळ वेगावर १.२ व्होल्टला चालते. ३२०० किंवा ३६०० चं प्रोफाइल लावलं की साधारण १.३५ व्होल्ट घेते. डीडीआर५ चा मूळ वेग बहुधा ४८०० किंवा ५६०० असतो, १.१ व्होल्टला.

सीपीयू-झेड नावाच्या ॲपमध्ये १८०० दिसलं म्हणूनही घाबरू नका. ते क्लॉक दाखवतं आणि डीडीआरमध्ये एका क्लॉकला दोनदा डेटा जातो. १८०० ची दुप्पट ३६००, म्हणजे सगळं जागेवर आहे.

तिसरी गोष्ट बोर्डाच्या चिपसेटची, म्हणजे बोर्डावरच्या मुख्य चिपची. एच४१०, बी४६०, एच५१० आणि एच६१० या चिपसेटवर रॅम प्रोसेसरच्या अधिकृत मर्यादेपलीकडे जात नाही. आय५-१०४०० ची मर्यादा २६६६ आहे, त्यामुळे एच४१० वर ३२०० ची रॅम २६६६ लाच चालणार. आय५-१२४०० आणि डीडीआर४ चा एच६१० बोर्ड असेल तर ३२०० च्या पुढे काही नाही. कोणतंही बटण दाबून हे बदलत नाही. बी६६०, बी७६० वर मात्र रॅमचा वेग वाढवता येतो, आणि एएमडीच्या ए५२०, बी४५०, बी५५० वरही येतो.

तपासा : प्रोसेसरचं पूर्ण नाव, बोर्डाचं पूर्ण नाव आणि रॅमच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर एका कागदावर लिहा. बोर्ड कंपनीच्या साइटवर चाललेल्या रॅमची यादी असते, तीत तो पार्ट नंबर शोधा. यादीत नसेल तर रॅम चालणारच नाही असं नाही, पण असेल तर निम्मा प्रश्न सुटला.

## टप्पा १ : तयारी

हा टप्पा लोक गाळतात आणि नंतर सगळ्यात जास्त नुकसान इथलंच होतं.

अस्थिर रॅम फाइली बिघडवते, तेही गुपचूप. समजा, भुसावळच्या एखाद्या फोटो स्टुडिओत लग्नसराईत अल्बमचं काम चालू आहे. मेमरी कार्डवरून फोटो हार्ड डिस्कवर घेतले, कॉपी पूर्ण झाली, कुठे एरर नाही. कार्ड रिकामं करून दुसऱ्या लग्नाला दिलं. आठ दिवसांनी एक फोटो उघडला तर अर्धा चेहरा नीट आणि खाली राखाडी पट्टा. कॉपी होताना डेटा रॅममधून गेला आणि तिथे एखादा बिट उलटला की असं होतं. म्हणून पहिलं काम बॅकअप. तोही पीसीची सेटिंग मूळ वेगावर आणून मगच घ्या, नाहीतर बॅकअपच बिघडलेला निघेल.

नंतर हे करा :

1. ड्राइव्हवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते बघा. असेल तर रिकव्हरी की वहीत लिहून घ्या. बायोस अपडेट किंवा रीसेट केल्यावर विंडोज ती की मागू शकतं, आणि ती नसेल तर डेटा गेला.
2. बायोसमधल्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा. विशेषतः स्टोरेज मोड, सिक्युअर बूट आणि टीपीएमचे. रीसेटनंतर स्टोरेज मोड बदलला तर विंडोज उठत नाही आणि लोक दोष रॅमला देतात.
3. मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारं ॲप) पेनड्राइव्हवर टाकून ठेवा. पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जातो, त्यात काही ठेवू नका.
4. अर्थिंग तपासा. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला टेस्टर लावल्यावर दिवा लागत असेल किंवा हाताला मुंग्या येत असतील, तर त्या पॉइंटला अर्थिंग नाही. जुन्या वाड्यांत आणि शेतातल्या घरांत हे फार दिसतं. इलेक्ट्रिशियनकडून ते आधी करून घ्या.
5. यूपीएसची बॅटरी खरंच टिकते का ते बघा. मॉनिटरसह किमान दहा मिनिटं पीसी चालायला हवा.

सावधान : पीसी हँग होतोय म्हणून विंडोजला फॉरमॅट मारू नका. अस्थिर रॅमवर टाकलेलं विंडोज टाकतानाच बिघडू शकतं. मग रॅम दुरुस्त झाली तरी निळी स्क्रीन येतच राहते आणि तपास भलतीकडे जातो.

## टप्पा २ : स्टिक आणि स्लॉट

पीसी बंद करा, एसएमपीएसचं (मागच्या पॉवर सप्लायचं) बटण बंद करा, केबल काढा आणि पॉवरचं बटण पाच-सहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला करंट निघून जाईल. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मगच रॅमला हात लावा. हिवाळ्यात आपल्याकडची हवा कोरडी असते. लोकरीचा स्वेटर घालून हे काम करू नका.

चार स्लॉटच्या बोर्डावर दोन स्टिक असतील तर त्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लागतात. बोर्डावर ए२, बी२ असं छापलेलं असतं. पहिल्या-तिसऱ्यात लावल्या तर मूळ वेगावर पीसी मजेत चालतो आणि प्रोफाइल लावलं की अडू शकतो. शेजारी-शेजारी लावल्या तर बहुतेक बोर्डांवर ड्युअल चॅनलच (दोन्ही स्टिकमधून एकाच वेळी डेटा जाणं) मिळत नाही. तुमच्या बोर्डाच्या पुस्तिकेत आकृती असते, शेवटचा शब्द तिचा.

स्टिक दाबताना दोन्ही टोकांना सारखा दाब द्या. बऱ्याच नव्या बोर्डांवर खटका एकाच बाजूला असतो. त्या बाजूचा आवाज आला तरी दुसरं टोक वर राहिलेलं असू शकतं. बॅटरी मारून आडवं बघा : सोनेरी पट्टीची रेघ स्लॉटच्या कडेला समांतर दिसली पाहिजे.

रबर मारण्याबद्दल दोन शब्द. जुन्या, काळवंडलेल्या रॅमवर त्याने फरक पडतो हे खरं. पण नव्या रॅमवर रोज रबर घासलं तर सोन्याचा पातळ थर झिजतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये जातो. नव्या रॅमला ते लागतच नाही. जुनी असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडाला लावून हलक्या हाताने पुसा, पूर्ण वाळू द्या. स्लॉटमध्ये तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे कण आत जातात. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या जवळपास राहणाऱ्यांच्या कॅबिनेटमध्ये पांढरा तंतू बसतो, तो मऊ ब्रशने काढा.

दोन स्टिक असून एकच दिसते, किंवा एका बाजूच्या दोन्ही स्लॉटमध्ये काहीच चालत नाही, तर दोष बहुतेकदा रॅमचा नसतो. प्रोसेसरखालच्या सॉकेटची पिन वाकली असेल किंवा कूलरचे स्क्रू एका बाजूला जास्त आवळले असतील, तर मेमरीचा एक चॅनल गळतो. कूलर काढून स्क्रू आलटून-पालटून, तिरपे, थोडे-थोडे आवळा. थर्मल पेस्ट नवी लावा.

तपासा : बायोसमध्ये पूर्ण रॅम दिसते का, आणि सीपीयू-झेडमध्ये चॅनल ‘ड्युअल’ आहे का? डीडीआर५ वर तिथे ‘४ × ३२-बिट’ लिहिलेलं दिसलं तरी ते दोन स्टिकसाठी योग्यच आहे.

## टप्पा ३ : मूळ वेगावर निर्दोष आहे हे सिद्ध करा

आता सीमॉस रीसेट, म्हणजे बायोसची साठलेली सेटिंग पुसणं. केबल काढलेली असताना बोर्डावरच्या क्लिअर सीमॉसच्या दोन पिन पेचकसाने आठ-दहा सेकंद जोडा. पिन सापडत नसतील तर गोल सेल, म्हणजे सीआर२०३२, काढून पाच मिनिटं बाहेर ठेवा. पीसी पाच-सात वर्षं जुना असेल तर या निमित्ताने सेल नवीच टाका. सेल उतरलेला असला की पॉइंट बंद केल्यावर सेटिंग पुसली जातात आणि ‘प्रोफाइल आपोआप बंद होतं’ अशी तक्रार सुरू होते.

बायोसमध्ये ‘लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स’ घ्या, तारीख-वेळ लावा, स्टोरेज मोड फोटोत होता तसाच करा. प्रोफाइलला हात लावू नका. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ चालू करा आणि त्याच्या चार फेऱ्या पूर्ण होऊ द्या. १६ जीबीला काही तास लागतात. रात्री लावून ठेवणं सोयीचं, मात्र मध्येच लाइट गेली तर पुन्हा पहिल्यापासून.

एकही एरर चालत नाही. ‘फक्त दोनच आल्या’ हे रॅमच्या बाबतीत उत्तर नव्हे.

मूळ वेगावर एरर आली तर प्रोफाइलचा विषय संपला. एकच स्टिक ए२ मध्ये ठेवून चाचणी, मग दुसरी स्टिक त्याच स्लॉटमध्ये ठेवून चाचणी. एरर स्टिकबरोबर फिरली तर स्टिक खराब. दोन्ही स्टिकना त्याच स्लॉटमध्ये एरर आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये नाही, तर दोष बोर्डाचा किंवा सॉकेटचा. एवढी नोंद हातात असली की दुकानदाराशी वाद घालावा लागत नाही.

चाचणी स्वच्छ निघाली तरच पुढे जा.

## टप्पा ४ : बायोस अपडेट, पण लाइटची वेळ बघून

नव्या बायोसमध्ये मेमरीची सुसंगतता सुधारलेली असते. रायझन आणि डीडीआर५ च्या पीसीत हा फरक खूप मोठा असतो. २०२२-२३ मध्ये घेतलेला एएम५ बोर्ड (रायझन ७००० चा सॉकेट असलेला) अजून पहिल्याच बायोसवर असेल, तर व्होल्टेजशी खेळण्याआधी हे करा.

कंपनीच्या साइटवरून नेमक्या मॉडेलची आणि नेमक्या रिव्हिजनची फाइल घ्या. रिव्हिजन बोर्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेली असते. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. प्रोफाइल बंद असतानाच अपडेट करा. विंडोजमधल्या ॲपमधून न करता बायोसच्या आतल्या साधनातून करा.

सावधान : अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड मृत होऊ शकतो. भारनियमनाचं वेळापत्रक बघा, वळवाच्या पावसाचं आभाळ दाटलेलं असेल तर थांबा, आणि यूपीएसशिवाय हे करूच नका. बोर्डावर बायोस फ्लॅशबॅकचं (पीसी उठत नसतानाही बायोस टाकायचं) बटण असेल तर ते कसं वापरायचं हे पुस्तिकेत आधीच वाचून ठेवा.

अपडेटनंतर सगळी सेटिंग मूळपदावर जातात. पीसी एकदा विंडोजपर्यंत जाऊन परत बंद करा, मग पुढचा टप्पा.

## टप्पा ५ : प्रोफाइल लावा आणि थांबा

बायोसमध्ये प्रोफाइल १ निवडा. दोन प्रोफाइल असतील तर खोक्यावरच्या आकड्यांशी जुळणारं घ्या. बाकी काहीही बदलू नका. सेव्ह करून बाहेर पडा.

इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात. स्क्रीन काळी राहते, बोर्डावरचा डीआरएएमचा छोटा दिवा लागतो, पंखे फिरत राहतात, आणि दहाव्या-पंधराव्या सेकंदाला माणूस पॉवरचं बटण दाबतो. मग फोन येतो : ‘भाऊ, स्क्रीन काळीच शे!’ त्या वेळी बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करत असतो, म्हणजे त्या वेगावर सिग्नल कधी पाठवायचा आणि कधी वाचायचा याचं मोजमाप. डीडीआर४ ला काही सेकंद पुरतात. डीडीआर५ ला, त्यातून एएम५ बोर्डावर ३२ किंवा ६४ जीबी असेल तर, पहिल्या वेळी काही मिनिटं लागतात. मध्येच बंद केलं की मोजमाप पुन्हा पहिल्यापासून. पंधरा मिनिटं हात लावू नका. पीसी स्वतःहून दोन-तीनदा बंद-चालू झाला तरी होऊ द्या.

पंधरा मिनिटांनंतरही काही नाही, तर प्रोफाइल त्या पीसीवर उठत नाही असं धरा. बरेच बोर्ड काही फसलेल्या प्रयत्नांनंतर आपोआप मूळ वेगावर येतात. नाही आला तर टप्पा ३ मधला सीमॉस रीसेट.

एएम५ वर ‘मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर’ नावाचं सेटिंग असतं. ते चालू असलं की बोर्ड जुनं मोजमाप वापरतो आणि पीसी लवकर उठतो. तपास चालू असेपर्यंत ते बंद ठेवा, नाहीतर जुन्या मोजमापाची चूक नव्या बदलाच्या माथी जाते.

तपासा : पीसी उठल्यावर टास्क मॅनेजरमध्ये वेग बघा. तो मूळ वेगच दाखवत असेल तर पीसी उठला, पण प्रोफाइल लागलेलंच नाही.

## टप्पा ६ : उठतो पण टिकत नाही, तर

लक्षणं ओळखा. मेमरी मॅनेजमेंट किंवा आयआरक्यूएल नावाची निळी स्क्रीन, गेम एकदम बंद होऊन डेस्कटॉप दिसणं, झिप फाइल उघडताना सीआरसी (फाइल बिघडल्याची) एरर, ब्राउझरच्या टॅब पडणं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’च्या (हार्डवेअर एररच्या) नोंदी दिसल्या आणि प्रोसेसर रायझन असेल तर रॅमबरोबर फॅब्रिकच्या, म्हणजे प्रोसेसरच्या आतले भाग जोडणाऱ्या मार्गाच्या, वेगाकडेही बघावं लागतं.

आता उपाय, याच क्रमाने.

पहिला : वेग एक पायरी खाली. प्रोफाइल चालू ठेवा, टायमिंग-व्होल्टेज तेच, फक्त वेग ३६०० वरून ३४६६ किंवा ३४००, आणि तरी नाही जमलं तर ३२००. डीडीआर५ ला ६००० वरून ५८००, मग ५६००. लोकांना हे हरल्यासारखं वाटतं, पण आकडेमोड करून बघा. टायमिंगचा पहिला आकडा, म्हणजे सीएल, दोन हजारांनी गुणा आणि वेगाने भागा. ३६०० ला सीएल१८ चा विलंब १० नॅनोसेकंद येतो. ३२०० ला सीएल१६ चाही १० च येतो. खाली उतरताना सीएल १८ वरून १६ करणं जमलं तर विलंबात काहीच गमावलं नाही, डेटा वाहण्याची क्षमता तेवढी थोडी कमी झाली. वेगळं ग्राफिक कार्ड असलेल्या पीसीत रोजच्या कामात हे जाणवतही नाही. ५६००जी सारखा प्रोसेसर, ज्याचं ग्राफिक रॅमवरच चालतं, तिथे मात्र जाणवतं. तिथे पुढचे उपाय करून बघायला अर्थ आहे.

दुसरा : रॅम आणि फॅब्रिक किंवा मेमरी कंट्रोलर (प्रोसेसरमधला रॅम सांभाळणारा भाग) यांच्या वेगाचं गुणोत्तर बघा. रायझन ३००० आणि ५००० मध्ये ३६०० साठी फॅब्रिक १८०० हवं. सगळ्याच प्रोसेसरना ते पेलत नाही. १६०० फॅब्रिक आणि ३२०० रॅम ठेवून त्रास थांबला, तर अडचण रॅमची नव्हती. रायझन ७००० ला अधिकृत वेग ५२०० आहे, ६००० हा बहुतेकांना पेलणारा वेग. ६४०० च्या मागे लागून वर्षभर हँग सोसणं परवडत नाही. इंटेल अकराव्या पिढीपासून गिअर १ आणि गिअर २ असे प्रकार आहेत : गिअर १ मध्ये मेमरी कंट्रोलर रॅमच्याच क्लॉकला चालतो, गिअर २ मध्ये निम्म्या. आय५-१२४०० सारख्या ‘के’ नसलेल्या बाराव्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये मेमरी कंट्रोलरचं व्होल्टेज, म्हणजे सिस्टीम एजंट, कुलूपबंद असतं. त्यामुळे डीडीआर४ ३६०० गिअर १ मध्ये अनेकदा टिकत नाही. तिथे ३२०० किंवा ३४०० गिअर १ वर थांबा. ३६०० गिअर २ हा आकडा मोठा दिसतो, पण विलंब वाढतो.

तिसरा : कमांड रेट २टी, म्हणजे रॅमला आदेश देताना एकाऐवजी दोन क्लॉक. एएमडीवर ‘गिअर डाउन मोड’ चालू ठेवा. वेगात फारसा फरक पडत नाही, स्थैर्यात पडतो.

चौथा आणि शेवटचा : व्होल्टेज. डीडीआर४ चं प्रोफाइल १.३५ चं असेल तर १.३७, मग फार तर १.४०. एका वेळी ०.०१ किंवा ०.०२. एएम४ वर (रायझन ३०००, ५०००) एसओसी, म्हणजे मेमरी कंट्रोलरचं व्होल्टेज, १.१० च्या आसपास पुरतं. एएम५ वर एसओसी १.३० च्या वर कधीही नाही : २०२३ मध्ये जास्त व्होल्टेजमुळे रायझन ७००० चे काही प्रोसेसर जळाले आणि एएमडीने बायोसमधून ही मर्यादा घातली. प्रोफाइल लावल्यावर बोर्ड स्वतःच एसओसी वाढवतो का ते एचडब्ल्यूइन्फो (व्होल्टेज-तापमान दाखवणारं ॲप) मध्ये बघा. १.२० ते १.२५ मध्ये काम भागत असेल तर तेवढंच ठेवा.

सावधान : व्होल्टेज वाढवून एरर कमी न होता वाढल्या, तर तो बहुधा उष्णतेचा इशारा आहे. आणखी वाढवू नका.

प्रत्येक बदलानंतर मेमटेस्ट८६ ची किमान एक फेरी. जे सेटिंग कायम ठेवायचं त्यावर चारही. त्यानंतर विंडोजमध्ये टेस्टमेम५ किंवा ओसीसीटी तासभर, आणि एखादा जड गेमही, कारण मेमटेस्ट८६ चालू असताना ग्राफिक कार्ड थंड बसलेलं असतं आणि खऱ्या कामात ते तापलेलं असतं.

## टप्पा ७ : आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणि थंडीत

दिल्ली-बंगळूरच्या व्हिडिओंत हा टप्पा सापडणार नाही. एसीच्या खोलीत २४ अंशांवर स्थिर ठरलेलं सेटिंग भुसावळच्या मे महिन्यात दुपारी तीनला स्थिर राहीलच असं नाही. बाहेर ४४-४५, पत्र्याखालच्या खोलीत त्याहून जास्त, आणि कॅबिनेटच्या आत ग्राफिक कार्डाची गरम हवा सरळ रॅमवर. रॅम तापली की तिच्या पेशींतला चार्ज लवकर गळतो. प्रोफाइलच्या वाढीव व्होल्टेजवर ती आधीच जास्त तापलेली असते.

डीडीआर५ च्या स्टिकवर तापमानाचा सेन्सर असतो, आकडा एचडब्ल्यूइन्फोमध्ये दिसतो. गेम किंवा रेंडर चालू असताना तो ६० च्या वर जाऊ लागला तर आधी हवा खेळती करा : पुढच्या जाळीवरची धूळ काढा, एक पंखा पुढून आत, एक मागून बाहेर. कॅबिनेट भिंतीला आणि कपाटाला चिकटवून ठेवू नका. स्वस्त डीडीआर४ वर सेन्सर बहुधा नसतो. तिथे एक सोपी परीक्षा : कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढून टेबल फॅन लावा आणि तीच चाचणी पुन्हा चालवा. एरर गेल्या तर कारण उष्णता. मग व्होल्टेज खाली आणा किंवा वेग एक पायरी उतरवा.

पाण्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका. हवा थंड लागते, पण तिच्याबरोबर ओल आणि क्षाराचे कण आत जातात आणि बोर्डाच्या पिना पांढऱ्या पडतात.

उलट टोक डिसेंबर-जानेवारीचं. धुळ्यात पहाटे पारा एकेरी आकड्यावर येतो. दिवसभर नीट चालणारा पीसी सकाळी पहिल्यांदा उठत नाही, दुसऱ्यांदा बटण दाबलं की उठतो, असं होत असेल तर ट्रेनिंग काठावर आहे. म्हणून सेटिंग पक्कं करण्याआधी पीसी रात्रभर पॉइंटवरून बंद ठेवा, सकाळी सुरू करा आणि हे दोन-तीन दिवस करून बघा. स्लीपमध्ये टाकून उठवायलाही विसरू नका.

हिवाळ्यात पक्कं केलेलं सेटिंग एप्रिल लागला की दुपारच्या वेळी एकदा पुन्हा तपासा.

## दोन वेगळ्या स्टिक, चार स्टिक

आधी ८ जीबीची एक होती, नंतर दुसरी तशीच घेतली. मॉडेल तेच, पण आतल्या चिप वेगळ्या असू शकतात, कारण कंपन्या त्याच नावाखाली चिप बदलतात. सीपीयू-झेडच्या एसपीडी पानावर दोन्ही स्लॉट बघून टायमिंग आणि चिपचा निर्माता जुळतो का ते तपासा. नसेल जुळत तर दोघींपैकी जी हळू आहे तिच्या आकड्यांवर दोन्ही चालवा. ३२०० ला दोन्ही टिकल्या तर उत्तम, नाही टिकल्या तर २९३३ किंवा २६६६. यात तास घालवण्यापेक्षा दोन्ही विकून एकाच पाकिटातली जोडी घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

चार स्टिक लावल्या की मेमरी कंट्रोलरवर ताण वाढतो. रायझन ७००० ला चार स्टिकवर अधिकृत वेग फक्त ३६०० आहे. ६००० च्या दोन जोड्या घेऊन चारही ६००० ला चालतील अशी आशा धरू नका. ६४ जीबी हवी असेल तर ३२ च्या दोन घ्या.

## स्थिर झाल्यावर आणि न झाल्यावर

स्थिर झालं, तर आधीच्या काळात बिघडलेल्या फाइलींचा निकाल लावा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून एसएफसी स्कॅननाऊ (sfc /scannow, विंडोजच्या फाइली तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) चालवा. दुरुस्त न होणाऱ्या फाइली निघाल्या तर विंडोज नव्याने टाकण्याची वेळ आता आहे, आधी नव्हती. बायोसमध्ये ही सेटिंग वेगळ्या नावाने सेव्ह करा आणि वेग, टायमिंग, व्होल्टेज एका चिठ्ठीवर लिहून ती कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढच्या वेळी पीसी दुसऱ्याच्या हातात गेला तरी त्याला चाचपडावं लागणार नाही.

स्थिर झालंच नाही, तर प्रोफाइल बंद ठेवून वापरा आणि वॉरंटीचा विचार करा. इथे एक बारकावा आहे. प्रोफाइलचा वेग इंटेल आणि एएमडी दोघेही ओव्हरक्लॉकिंगमध्येच (अधिकृत मर्यादेपलीकडचा वेग) धरतात, त्यामुळे ‘प्रोसेसरला ६४०० पेलत नाही’ ही तक्रार प्रोसेसरच्या वॉरंटीत बसत नाही. पण रॅम कंपनीने खोक्यावर ३६०० लिहिलंय आणि ती स्टिक दुसऱ्या चांगल्या बोर्डावरही ३६०० ला एरर देते, तर ती रॅमची तक्रार होते. दुकानात जाताना बिल, दोन्ही स्टिक (जोडी असेल तर जोडीच द्यावी लागते), मेमटेस्ट८६ च्या एररच्या पानाचा फोटो आणि कोणती स्टिक कोणत्या स्लॉटमध्ये होती त्याची नोंद न्या. बदली यायला वेळ लागतो, तेवढ्या दिवसांसाठी जुनी ४ जीबीची स्टिक जपून ठेवा.